आमवात : पथ्य आणि औषध



आमच्या मातोश्रींस आमवात जडला, तेव्हा हितचिंतकांच्या आग्रहास्तव आम्ही डॉक्टरांची औषधे थांबवून केवळ पथ्य व काढे यांवर भिस्त ठेवली. दोन वर्षांत त्यांची बोटे वाकली. ती पुन्हा सरळ झाली नाहीत.

या व्याधीत रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. मासळीच्या तेलाने वेदना किंचित शमतात, शेक व हलक्या व्यायामाने ताठरता कमी होते. परंतु सांध्यांची हानी एवढ्याने थांबत नाही. शिवाय, आठवड्यातून एकदाच घ्यावयाच्या मेथोट्रेक्सेटसोबत गुळवेल घेतल्यास यकृतास अपाय होऊ शकतो.

म्हणून पथ्य अवश्य पाळावे, काढा डॉक्टरांस विचारूनच घ्यावा. परंतु औषध आपल्या मनाने सोडू नये, एवढीच आमची आपणांस विनंती आहे.