निरंक असलं तरी पाठवा!

ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण अभ्यासिकेत बसून लिपिक-टंकलेखकाची तयारी करून राहिले, म्हणून आज टेबलाच्या आतल्या बाजूचं सांगते. मी नेरच्या एका सरकारी कार्यालयात, साहेबांच्या दालनाबाहेर बसते. परीक्षेत मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्द मागतात. ते जमतं हो. पण दिवस टायपिंगमध्ये नाही, 'माहिती सादर करा' यात जातो.

कसं होतं बघा. सकाळी यवतमाळहून मेल येतो, माहिती दुपारी चारपर्यंत पाठवा. तोच मजकूर व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अतितात्काळ' म्हणून पडतो. मग फोन. आकडे गेल्या आठवड्याचेच, फक्त प्रपत्राचे रकाने वेगळे. म्हणजे पुन्हा एक्सेल, पुन्हा सही, पुन्हा स्कॅन. आणि सांगण्यासारखं काहीच नसलं तर 'निरंक' पाठवायचं. निरंक म्हणजे शून्य. पण त्या शून्यालाही जावक क्रमांक लागतो, साहेबांची सही लागते. नाही पाठवलं की स्मरणपत्र येतं, आणि त्या स्मरणपत्राची आवक नोंदही मीच करते!

आता नियम वाईट आहेत असं नाही. आपल्याकडे सहा गठ्ठे पद्धत आहे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. २००५ चा विलंब प्रतिबंधाचा कायदाही आहे. साधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं तो सांगतो.

अडचण एवढीच की व्हॉट्सॲपचा गठ्ठा यात नाही. ग्रुप दर दहा मिनिटांनी वाजतो. खेड्यावरून आलेल्या माणसाचा अर्ज वाजत नाही. तो माणूस रोजी बुडवून, बसचं भाडं भरून येतो, बाकावर बसतो आणि "ताई, झालं का?" एवढंच विचारतो. मी निरंक भरत असते, त्याला वाटतं ताई मोबाईल पाहून राहिली.

म्हणून मी सकाळचा पहिला तास राखून ठेवलाय. मोबाईल ड्रॉवरमध्ये, समोर फक्त प्रलंबित गठ्ठा. साहेबांना विचारूनच केलं. त्या तासात जेवढ्या फायली पुढं जातात, तेवढ्या उरलेल्या दिवसात जात नाहीत.

तुम्हीही एक करा. अर्ज दिला की आवक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांच्या अर्जाची पोच मिळणं हा तुमचा हक्कच आहे. नंबर सांगितला की फाईल दोन मिनिटांत सापडते. नाहीतर आम्ही नोंदवही चाळत बसतो, तुम्ही बाकावर.

आणि उद्या या खुर्चीवर तुम्ही बसाल, तेव्हा ग्रुपच्या आधी बाकाकडं बघा.