पाहुणा, परंतु पैसे देणारा

(राजूर, ता. अकोले, जि. अहिल्यानगर येथे, प्रवाशांना घरी उतरवून घेणारी कुटुंबे आणि बाहेरगावाहून आलेले पर्यटक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाहेरच्या प्रवाशाला राजूर दोन कारणांनी ठाऊक असते. एक येथील पेढे आणि दुसरे येथून पुढे जाणारा रस्ता. अकोलेहून आलेली गाडी क्षणभर थांबते, पेढ्यांचा पुडा घेते आणि शेंडी-भंडारदऱ्याकडे निघून जाते. पुढे १९२६ साली पूर्ण झालेले धरण आहे, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आहे, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आहे. अलीकडे या डोंगरपट्ट्यातील अनेक घरांनी पैसे घेऊन पाहुणे उतरवून घेण्यास प्रारंभ केला आहे. त्यामुळे प्रवाशाने घर कसे निवडावे व तेथे कसे राहावे, हा प्रश्न आता केवळ त्याच्या सोयीचा राहिलेला नाही.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली झाली. ‘निवास व न्याहारी’ ही योजना पुढे महामंडळाने राबविली. तिचा गाभा असा की, घरमालकाचे कुटुंब त्याच घरात राहात असले पाहिजे. मालक शहरात, व्यवस्थापक पगारी आणि घराला केवळ ‘घर’ हे नाव, असा प्रकार असेल तर ते हॉटेलच होय. हॉटेल वाईट असते असे नाही. पण मग पाहुणचाराची अपेक्षा धरू नये. ‘न्याहारी’ हा शब्दही येथे शोभतो. तो मुळात शेतकऱ्याच्या घरचा. सकाळचे काम उरकल्यावर भाकरी-कालवणाने करावयाची ती न्याहारी. पाव-लोण्याच्या अपेक्षेने येथे येणाऱ्याने नागलीच्या भाकरीपुढे नाक मुरडू नये.

घर निवडताना छायाचित्रांवर विसंबू नका. पावसाळ्यानंतर काढलेल्या चित्रात प्रत्येक अंगण हिरवेगार दिसते. फोन करा आणि विचारा. कुटुंब तेथेच राहते काय? शौचालय घरात आहे की परसात? वृद्ध माणसाला गुडघे दुमडून बसता येत नसेल तर तशी सोय आहे काय? एका खोलीत किती माणसे निजवितात? अंघोळीचे पाणी कशावर तापते आणि किती वाजता मिळते? जेवणाचे पैसे निवासात धरले आहेत की ताटागणिक वेगळे? येथे पाऊस धुवाधार पडतो, वीज जाते, फोनला आवाज पोहोचत नाही; म्हणून वाटेतील शेवटचे वळण दिवसाउजेडी गाठता येईल काय, हेही विचारा. नोंदणीचे प्रमाणपत्र दाखविण्यास सांगण्यात संकोच नको. आणि घरच्यांनो, असे प्रश्न विचारणारा प्रवासी खवचट नसतो. त्याच्याशीच पुढे तंटा होत नाही.

तंटा होतो तो दारात. चौघांचे सांगून सातजण येतात, अंगणात उभे राहून दर पाडून मागतात आणि तासाभरात जेवण हवे म्हणतात. शहरातील उपाहारगृहात ताट आणखी एक म्हणजे फक्त आणखी एक ताट. येथे त्याचा अर्थ असा की घरातील बाई पुन्हा चुलीपुढे बसते, पीठ कमी पडले तर शेजारी धाडते, आणि स्वतः उरले तर जेवते. घासाघीस फोनवर करावी, ती हक्काची आहे. दारात करावयाची घासाघीस ही त्या बाईच्या श्रमातून केलेली वजाबाकी असते.

पैसे कोणाच्या हाती पडतात, हेही एकदा पाहावे. स्वयंपाक, अंथरुणे, झाडलोट ही कामे बहुधा स्त्रीची. रक्कम मात्र पुरुषाच्या फोनवर जमा होते. राज्य शासनाने २०२३ साली आणलेल्या ‘आई’ या महिला-केंद्रित पर्यटन धोरणात, स्त्रीच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देण्याची तरतूद आहे. पण त्यासाठी व्यवसाय तिच्या मालकीचा हवा. येथे बसलेल्या पुरुष मंडळींनी आज घरी जाऊन आपली कागदपत्रे कोणाच्या नावाने आहेत ते काढून पाहावे. हे मी सरकारी माणूस म्हणून सांगतोच आहे, पण त्याहून अधिक काही म्हणूनही सांगतो.

आता काजव्यांविषयी. मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या आगेमागे, या परिसरातील झाडे रात्री लुकलुकू लागतात आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. काजव्याचा प्रकाश ही जोडीदाराला दिलेली हाक असते. मोटारीच्या दिव्यांच्या झोतात ती हाक विरून जाते, मीलन होत नाही आणि पुढील वर्षांचे काजवे कमी होतात. बराचसा भाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, हे ध्यानात असू द्या. जो रात्री येऊन रात्रीच परत जातो, त्याला गाडी झाडापर्यंत न्यावीशी वाटते. गावात मुक्काम करणारा गाडी अंगणात ठेवतो, घरातील मुलाबरोबर चालत जातो, बॅटरी विझवून अंधारात उभा राहतो. काजवे त्यालाच अधिक दिसतात. शक्य असल्यास सोमवार ते गुरुवार या दिवसांत या. घरच्यांनाही उसंत मिळते आणि तुम्हालाही.

घरच्यांसाठी दोन शब्द. पाहुण्यांच्या नोंदीचे पुस्तक ठेवा, ओळखपत्र पाहा. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत विहित नमुन्यात कळवावी लागते. दरपत्रक मराठीत, ठळक अक्षरांत, दाराशी लावा. पावती द्या. ‘पाहुण्याकडून पैसे कसे मागावेत’ हा संकोच येथे मी वारंवार ऐकला आहे. संकोचामुळे आधी दर सांगितला जात नाही आणि निघताना तोंडी हिशेब वाढतो. त्यापेक्षा दर आधी सांगा आणि निघताना शिदोरीला पेढे बांधून द्यायचे असतील तर ते हिशेबात धरू नका.