केस, संप्रेरके आणि गेलेला काळ



जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग सोडून स्वतःला जाणवणाऱ्या लिंगाने जगू पाहणाऱ्या माणसाच्या उपचारांबद्दल आपल्याकडे मुळात फारसे बोलले जात नाही, आणि बोलले गेलेच तर शस्त्रक्रियेबद्दल. आजचा विषय त्यामानाने किरकोळ वाटेल: डोक्यावरचे आणि चेहऱ्यावरचे केस. पण लोकलच्या डब्यात, बँकेच्या खिडकीशी किंवा नोकरीच्या मुलाखतीत समोरचा माणूस शस्त्रक्रियेचे कागद मागत नाही. तो मागे सरकलेले कपाळ आणि गालावरचे खुंट पाहतो आणि ताई म्हणायचे की दादा, हे क्षणात ठरवून टाकतो. या केसांवर संप्रेरकांचा नेमका काय परिणाम होतो याचा पुरावा तपासत गेले, की एक गोष्ट ठळक होत जाते. संप्रेरके नवे काही सुरू करू शकतात, चाललेले थांबवू शकतात. होऊन गेलेले मात्र ती फारच थोडे पुसतात. म्हणून केसांपुरते बोलायचे, तर डोस किती यापेक्षा उपचार कधी सुरू झाला, हा प्रश्न मोठा आहे.

षंढ पुरुषांना टक्कल पडत नाही, हे निरीक्षण हिपॉक्रेटिसच्या सूत्रांइतके जुने आहे. त्याची रीतसर परीक्षा 1942 मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने केली. वयात येण्यापूर्वीच ज्यांची वृषणे गेली होती, अशा पुरुषांच्या डोक्यावरचे केस उतारवयातही शाबूत असल्याचे त्याला दिसले. मग त्याने टेस्टोस्टेरोन देऊन पाहिले. ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस विरळ होऊ लागले, बाकीच्यांचे नाही. (आजची कोणतीही नीतिसमिती हा प्रयोग मंजूर करणार नाही, हेही नोंदवून ठेवावे.) औषध बंद केल्यावर गळती पुढे सरकली नाही, पण गेलेले केसही परत आले नाहीत. आनुवंशिकता, संप्रेरक आणि काळ, तिन्ही जमून आल्याशिवाय टक्कल पडत नाही, हा त्याचा निष्कर्ष अजून टिकून आहे. आपल्याकडच्या हिजडा समाजात निर्वाणाची, म्हणजे लिंग आणि वृषणे काढून टाकण्याची, जी रूढी आहे, तिलाही शरीराचा हाच नियम लागू होतो: निर्वाण कोणत्या वयात झाले, यावर पुढे डोक्यावर किती केस राहतील हे बरेचसे ठरते.

यामागची यंत्रणा समजायला आणखी तीन दशके गेली. 1974 मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथली काही मुले जन्मतः मुलगी समजून वाढवली जात आणि वयात येताना त्यांची शरीरे पुरुषी होत. त्यांच्यात टेस्टोस्टेरोन भरपूर होते, पण त्याचे डायहायड्रोटेस्टोस्टेरोनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये, रूपांतर करणारे विकर दुबळे होते. मोठेपणी त्यांची दाढी विरळ राहिली आणि कपाळ मागे सरकले नाही. या विकराला अडवणारे फिनॅस्टेराइड पुढे तयार झाले आणि 1997 मध्ये अमेरिकेत टकलासाठी मान्य झाले. यातला विरोधाभास गंमतीचा आहे. तोच डीएचटी हनुवटीवरच्या लवेचे राठ दाढीत रूपांतर करतो आणि टाळूवरच्या राठ केसाला पुन्हा लव करून सोडतो. डोक्यावरचा केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, तीनेक महिने विसावतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. डीएचटीच्या माऱ्यात ही वाढीची फेरी दर खेपेस आखूड होते आणि मूळ बारीक होत जाते. टक्कल म्हणजे केस एकदम नाहीसे होणे नव्हे. ते वर्षानुवर्षे आक्रसत जाणे आहे. चाई पडते तो प्रकार वेगळा, त्याचा आपल्या विषयाशी संबंध नाही.

आता ट्रान्स स्त्रीचा विचार करू. इस्ट्राडिओल हे इस्ट्रोजेन वर्गातले संप्रेरक आणि त्याच्या जोडीला पुरुषी संप्रेरकाला रोखणारे औषध सुरू झाले, की डीएचटीचा मारा थांबतो. ट्रान्सजेंडर आरोग्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूपाथ या जागतिक व्यावसायिक संघटनेच्या मार्गदर्शिकेच्या सातव्या आवृत्तीत म्हटले होते की गळती एक ते तीन महिन्यांत थांबते, नवे केस येत नाहीत. उसाला पाणी देऊन देऊन खारवलेल्या सांगली-कोल्हापूरकडच्या जमिनीचे पाणी तोडले, तर मीठ आणखी चढत नाही. चढलेले मीठ मात्र तिथेच राहते. टाळूचेही असेच. चेहऱ्यावर तर चित्र अधिक निराशाजनक. नेदरलँड्समधील गिल्टे आणि गूरेन यांनी 2000 मध्ये केसांची जाडी आणि वाढीचा वेग मोजून दाखवले, की उपचाराने चेहऱ्यावरचे केस बारीक आणि मंद होतात, पण जात नाहीत. एकदा राठ झालेले दाढीचे मूळ राठच राहू पाहते. मिसरूड फुटण्याआधी आणि फुटल्यानंतर सुरू झालेला तोच उपचार म्हणूनच वेगळे फळ देतो. मग उरतात लेझर आणि विद्युत्दहन. लेझर केसातल्या काळ्या रंगद्रव्यावर काम करतो, त्यामुळे पांढऱ्या केसांवर तो हतबल ठरतो. आणि सावळ्या त्वचेला भाजू नये म्हणून दीर्घ तरंगलांबीचे यंत्र लागते. उशिराची किंमत इथेही आहे: दाढी पिकल्यावर एकेक मूळ सुईने जाळण्यावाचून पर्याय राहत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की उपचारापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे काही वेगळेच सांगतात. पुष्कळ ट्रान्स स्त्रियांचे कपाळ भरून आलेले दिसते. आक्षेप रास्त आहे. वैद्यकीय नियतकालिकांतही एकेका रुग्णाच्या अशा नोंदी आहेत, आणि मार्गदर्शिकेतले ‘नवे केस येत नाहीत’ हे विधान मला जरा ढोबळच वाटते. पण या नोंदी मूळ मुद्द्याच्या विरोधात जात नाहीत. मूळ अजून जिवंत असेल, नुकतेच आक्रसू लागले असेल, तर मारा थांबल्यावर लवेचा पुन्हा केस होऊ शकतो. ज्या कातडीवर वर्षानुवर्षे लवसुद्धा उरलेली नाही, तिथे तसे घडत नाही. म्हणजे परत किती येईल हेही पुन्हा गेलेल्या काळावरच अवलंबून. शिवाय इस्ट्रोजेन वाढीची फेरी लांबवते; गरोदरपणात केस दाट वाटतात आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांनी पुंजक्यांनी गळतात, ते यामुळेच. लांब वाढलेल्या केसांनी कपाळ झाकले जाते, आणि तेवढ्यानेही छायाचित्र बदलते.

दुसरा आक्षेप रुग्णांकडून येतो: मग गोळ्या वाढवल्या तर? टेस्टोस्टेरोन एकदा स्त्रियांच्या पातळीवर आले, की केसांच्या मुळांवरचा मारा जवळजवळ संपलेला असतो. त्यापुढे इस्ट्रोजेन वाढवून केसांना फारसे काही मिळत नाही, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मात्र वाढतो. डॉक्टरांकडे जायची सोय नाही किंवा धीर नाही, म्हणून औषधांच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून त्या मूठमूठ घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती याचसाठी घातक आहे. त्यांतले इथिनिलइस्ट्राडिओल गुठळ्यांच्या दृष्टीने वाईट, आणि अनेक गोळ्यांत जोडीला असणारे लेव्होनॉर्जेस्ट्रेल किंचित पुरुषी गुणाचेच. पुरुषी संप्रेरकाला रोखणारे सायप्रोटेरोन हे औषधही जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणातल्या गाठीचा धोका वाढतो, म्हणून युरोपच्या औषध नियामकाने 2020 मध्ये त्यावर निर्बंध घातले. घाईने मोठा डोस घेतल्याने गेलेली वर्षे भरून निघत नाहीत.

ट्रान्स पुरुषाच्या वाट्याला याच नियमाची दुसरी बाजू येते. टेस्टोस्टेरोन सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांत चेहऱ्यावर राठ केस दिसू लागतात, दाढी पूर्ण भरायला तीन ते पाच वर्षे लागतात. आणि वर्ष उलटल्यावर, घराण्यात असेल तर, कपाळही मागे सरकू लागते. वडील आणि मामा, दोघांच्याही डोक्याकडे पाहून अंदाज बांधावा, कारण अँड्रोजनच्या, म्हणजे पुरुषी संप्रेरकाच्या, ग्राहकाचे जनुक असलेली एक्स गुणसूत्रे त्याला आई आणि वडील दोघांकडून येतात, शिवाय टक्कल एकट्या त्या जनुकाचे काम नाही. फिनॅस्टेराइडने गळती रोखता येते, पण दाढी अजून भरत असताना ते घेतले तर दाढीच मंदावण्याची शक्यता असते. म्हणून दाढी मनाजोगी होईपर्यंत थांबायचे की आधी डोके वाचवायचे, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. डॉक्टरने तो प्रश्न पहिल्या भेटीत समोर ठेवला पाहिजे, टक्कल दिसू लागल्यावर नव्हे. गर्भधारणेची शक्यता असेल तर फिनॅस्टेराइड टाळावे लागते, आणि टेस्टोस्टेरोन हे गर्भनिरोधक नाही, हेही तेव्हाच सांगायला हवे.

वेळ एवढी महत्त्वाची म्हटल्यावर कुणी म्हणेल, की हा तर घाईचा पुरस्कार झाला. तसे नाही. स्वतःचा निर्णय झालेल्या प्रौढ व्यक्तीला डॉक्टर शोधण्यात, प्रमाणपत्रे गोळा करण्यात आणि अपमान गिळण्यात जी वर्षे घालवावी लागतात, त्यांना सावधगिरी म्हणता येत नाही. त्या वर्षांत टाळू आणि हनुवटी आपापले काम करतच असतात. ज्याला अजून विचार करायचा आहे त्याने तो जरूर करावा, फक्त थांबण्याची किंमत काय हे माहीत असू द्यावे.

शेवटचा आक्षेप नटण्यामुरडण्याचा: लेझर, केशरोपण, टोप हे सौंदर्यप्रसाधनाचे खर्च, त्यांचा भार समाजाने का उचलावा? योनिरचनेची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी ज्या त्वचेचे आतले अस्तर होणार, तिच्यावरचे केस कायमचे काढावे लागतात, नाहीतर ते आत वाढत राहतात. त्याला कुणी प्रसाधन म्हणणार नाही. गालावरच्या केसांचे कारण वेगळे असले, तरी औषधाने जे साधत नाही ते यंत्राने साधायचे, हे सूत्र तेच. ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्कसंरक्षण कायदा 2019 मध्ये मंजूर झाला, तेव्हा त्याच्या कलम 15 मध्ये विम्याच्या कक्षेत शस्त्रक्रिया आणि संप्रेरक उपचार यांच्या बरोबरीने लेझर उपचाराचेही नाव घातले गेले. केशरोपणाचा उल्लेख तिथे नाही. पण ‘इतर आरोग्यविषयक बाबी’ हे शब्द आहेत, आणि संप्रेरकांवर वर्षभर राहून गळती स्थिरावलेल्या, तरीही डोक्यावर मोकळी जागा उरलेल्या स्त्रीच्या बाबतीत त्या शब्दांचा अर्थ विमा कंपन्यांना विचारायला हरकत नाही.