जूनमध्ये सगळ्याजणी परत यायला हव्यात

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या उन्हाळी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

परीक्षा संपल्या की महाविद्यालयाच्या फलकावर सुट्टीची सूचना लागते. त्या सूचनेत मुलगा-मुलगी असा भेद नसतो. पण सुट्टी दोघांची सारखी असते का? मुलगा गावी गेला की यात्रा, कुस्त्यांचा फड, क्रिकेटच्या स्पर्धा, मित्रांबरोबर भटकंती. मुलगी गावी गेली की आईच्या हातातलं निम्मं काम त्याच दिवशी तिच्या हातात येतं. पापड, कुरडया, सांडगे. माण-खटाव, जत, आटपाडीच्या बाजूला पाण्याच्या खेपा. तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर निवडणीची मजुरी. या कामांना कुणी काम म्हणत नाही. 'पोरगी सुट्टीला आलीय' असंच म्हणतात.

आणि याच दिवसांत पाहुणे बघायला येतात. वैशाख-ज्येष्ठात लग्नसराई असते. जूनमध्ये महाविद्यालय उघडतं, हजेरी घेतली जाते, आणि काही नावांना उत्तर येत नाही. दोन-तीन दिवस कुणीतरी सांगतं, 'सर, तिचं लग्न झालं.' तेवढ्यावर विषय संपतो. पुढे ते नावच कमी होतं. मुलगा गैरहजर राहिला तर त्याच्या घरी विचारणा होते. मुलीबाबत मात्र लग्न हे सगळ्या प्रश्नांचं उत्तर समजलं जातं.

म्हणून आज मी उन्हाळ्यातल्या उपक्रमांबद्दल बोलणार आहे. शिबिरं, श्रमदान, प्रशिक्षण, सर्वेक्षणं हा वरवर साधा विषय वाटतो. पण मार्च ते जून या काळात मुलगी कुठे असते, कुणाबरोबर असते, कशात गुंतलेली असते, यावर तिचं पुढचं वर्ष ठरतं.

आपलं शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झालं. २००४ साली सोलापूरचं वेगळं विद्यापीठ झालं, तेव्हापासून कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे याच्या कक्षेत राहिले. विद्यापीठ कोल्हापुरात असलं तरी त्याचा खरा विस्तार गावोगावच्या महाविद्यालयांत आहे. या भागात शिक्षण आणि श्रम यांची सांगड नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर सुरू झालं. या इतिहासात लक्ष्मीबाई पाटलांचं नाव घेताना त्यांनी बोर्डिंगच्या मुलांसाठी मंगळसूत्रसुद्धा दिलं, एवढंच सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण त्या मुलांचं रोजचं खाणंपिणं, आजारपण बघणं हेही कामच होतं. बाईचा त्याग आपण लक्षात ठेवतो आणि तिचं काम विसरतो. शिबिरांमध्येही हेच चालतं.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. तिच्यात स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि सात दिवसांचं एक विशेष निवासी शिबिर करायचं असतं. नियम सगळ्यांना एकच. मग शिबिरात भाकऱ्या कोण थापतं? कुदळ कुणाच्या हातात आणि झाडू कुणाच्या? रात्रीच्या चर्चेला मुली थांबतात की 'मुलींनी खोलीत जा' असं सांगितलं जातं? सरपंचांच्या सत्काराला पंचारती घेऊन उभं राहायला मुली लागतात. आभाराचं भाषण मात्र मुलगा करतो. सात दिवस घराबाहेर राहून पुन्हा घरातलीच कामं करायची असतील, तर मुलीला शिबिरातून काय मिळालं?

गावानेही हा हिशोब करायला हवा. २०१६ साली सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात पहिली वॉटर कप स्पर्धा झाली. २० एप्रिल ते ५ जून या काळात भर उन्हाळ्यात लोकांनी चर खणले, बांध घातले. वेळू गावाला पहिलं बक्षीस मिळालं. २०१८ साली माणमधल्या टाकेवाडीचा पहिला क्रमांक आला. त्या वर्षी १ मे रोजी महाश्रमदान झालं, तेव्हा शहरांतून हजारो माणसं गावोगाव आली. या कामात बाया पाटी-घमेलं घेऊन उतरल्या, कारण पाण्याची खेप त्यांच्याच डोक्यावर असते. ते काम मोलाचंच होतं. पण पाणी आल्यावर कोणतं पीक घ्यायचं, उसाला किती आणि प्यायला किती, हे ठरवताना त्या बायांना किती विचारलं जातं?

आपल्याच भागात याचं एक जुनं उदाहरण आहे. १९८०च्या दशकात दुष्काळाने गांजलेल्या खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने येरळा नदीच्या वाळूउपशाचा प्रश्न हाती घेतला. त्यातून लोकांनी बळीराजा धरण बांधलं. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी श्रम केले, विज्ञान चळवळीतली माणसं अभ्यासासाठी आली. महत्त्वाचं तत्त्व हे, की भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क. याच परिसरात त्या दशकाच्या अखेरीस परित्यक्ता स्त्रियांनी आवाज उठवला. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, राहायला जागा, जगायला काम या त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षण अर्धवट, नावावर काही नाही, आणि माहेरही परकं, अशा अवस्थेत बाईला टाकून दिली तर तिची काय गत होते, हे त्या चळवळीने दाखवून दिलं. जूनमध्ये हजेरीपटावरून नाव गेलेली मुलगी उद्या त्या रांगेत उभी राहू नये, म्हणून मी आज हे बोलते आहे.

आता एक नवी गोष्ट. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या प्रत्येक वर्षाच्या शेवटी बाहेर पडायची सोय आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. त्यासाठी सुट्टीत चार श्रेयांकांचं जादा प्रशिक्षण किंवा काम पूर्ण करायचं. ज्याला अडचणीमुळे शिक्षण थांबवावं लागतं, त्याच्या हाती काहीतरी राहावं, हा यामागचा हेतू. हेतू वाईट नाही. पण आपल्या घरांत या सोयीचा अर्थ काय लावला जाईल? 'एक वर्षाचं सर्टिफिकेट मिळालंय ना, बास झालं. आता स्थळ चांगलं आलंय.' मुलासाठी जी सोय, तीच मुलीला घराबाहेरून घरात नेणारा दरवाजा होऊ शकते. म्हणून दुसरी बाजूही पाठ करून ठेवा. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो, आणि एकूण सात वर्षांच्या मुदतीत पदवी पूर्ण करता येते. ही माहिती आईवडिलांना आणि ज्या मैत्रिणींची लग्नं झाली त्यांना सांगा. सासरी गेलेल्या मुलीलाही हा हक्क आहे.

कुणी म्हणेल, लग्नानंतर शिकता येतंच की, सावित्रीबाई नाही का शिकल्या? खरं आहे. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंचं लग्न १८४० साली झालं, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, आणि त्या नंतरच शिकल्या. पण त्यांच्या घरात जोतीराव होते. ज्या घरात जोतीराव नाही, तिथे त्यांचा दाखला देऊन मुलीला सासरी पाठवणं ही फसवणूक आहे.

कायदा कुठवर साथ देतो? अठरा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न ठरत असेल, तर २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे आणि १०९८ हा क्रमांक आहे. अकरावी-बारावीतल्या बहिणींसाठी तो लक्षात ठेवा. पण तुमच्यापैकी बहुतेकींनी अठरा पूर्ण केली आहेत. इथे तारीख बघून लग्न थांबवता येत नाही. इथे तुमचा होकार-नकार हाच आधार आहे, आणि एकटीच्या नकाराला घरात किंमत नसते. त्यामागे मैत्रिणी, शिक्षिका, एखादी आत्या-मावशी उभी राहिली तर असते.

दुसरा कायदा शिबिरांशी थेट जोडलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५चे लैंगिक छळविरोधी नियम केले. त्यांत 'परिसर' या शब्दाचा अर्थ महाविद्यालयाच्या भिंतीपुरता ठेवलेला नाही. सहली, अभ्यासदौरे, प्रशिक्षणाची ठिकाणं, शिबिराची जागा, युवा महोत्सव, क्रीडास्पर्धा, तिथवर नेणारी वाहनं, सगळं त्यात येतं. म्हणजे गावातल्या समाजमंदिरात मुक्काम असला तरी अंतर्गत तक्रार समितीची जबाबदारी संपत नाही. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. हे माहीत नसलं की घडलेलं मुली गिळून टाकतात, आणि घरचे कळल्यावर म्हणतात, 'शिबिरालाच जायचं नाही.' गुन्हा करणारा मोकळा, मुलीची वाट बंद! सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींना कोंडणं सोपं आहे. आपल्याला हवी आहे ती बाहेर पडण्याची सुरक्षितता.

म्हणून मैत्रिणींनो, आपापल्या महाविद्यालयांत या मागण्या लेखी द्या.

शिबिरात स्वयंपाक, झाडलोट आणि खणकाम यांच्या पाळ्या मुलामुलींना सारख्या लावा. मुक्कामाच्या जागी संडास, न्हाणीघर आणि पाणी आहे की नाही, हे आधी विद्यार्थिनींच्या प्रतिनिधीने पाहून यावं. तक्रार समितीच्या सदस्यांची नावं शिबिराच्या फलकावर लावा. प्रशिक्षणाची ठिकाणं एस.टी.च्या वेळा पाहून ठरवा. महिलांना मार्च २०२३पासून तिकीट अर्धं झालं हे चांगलंच, पण संध्याकाळची गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? आणि शेवटची मागणी: जूनच्या पहिल्या आठवड्यात, न आलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी महाविद्यालयाने माणूस पाठवावा.

महाविद्यालय पाठवेल तेव्हा पाठवेल. तोवर आपण काय करायचं? आज जाताना प्रत्येकीने आपल्या वर्गातल्या दोघींची नावं आणि गावं लिहून घ्यायची. सुट्टीत त्यांना निदान दोनदा भेटायचं, नाही जमलं तर फोन करायचा. लग्न ठरतंय असं कळलं तर तिला एकच विचारायचं: 'तुला हवंय का?' तिचं उत्तर 'हो' असेल, तर लग्नानंतर पुढच्या वर्षाचा प्रवेश कसा घ्यायचा ते सांगायचं. 'नाही' असेल, तर एकटीने जायचं नाही. चौघी मिळून, एखाद्या शिक्षिकेला बरोबर घेऊन तिच्या घरी जायचं आणि तिच्या आईशी बोलायचं. आईला बहुतेक वेळा सगळं कळत असतं. तिच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं, एवढंच.

तर वह्या काढा आणि नावं लिहायला सुरुवात करा.