एवढासा गोवा आणि त्याचा फुटबॉल संघ
(साकोली येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



भिंतीवरचा नकाशा आता तुम्हांला वाचता येतो. नागपूर-रायपूर सडकेवर आपली साकोली कुठे आहे, ते तुम्ही बोट ठेवून दाखवता. त्याच नकाशावर बोट खाली आणि डावीकडे, समुद्राकाठी न्या. सिंधुदुर्ग जिल्हा संपला की नखाएवढा एक तुकडा लागतो. तो गोवा. त्याचे क्षेत्रफळ आहे ३७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्याहून थोडा लहानच. २०११ च्या शिरगणतीत आपल्या जिल्ह्याची वस्ती १२ लाख भरली. गोव्याची साडेचौदा लाख. आता तुम्हीच सांगा, आपल्या भंडारा जिल्ह्याचा एक संघ उभा केला आणि तो नऊ कोटी वस्तीच्या बंगालशी खेळायला पाठवला, तर काय होईल? लोक म्हणतील, पोरं मार खाऊन येतील. गोव्याची पोरे गेली आणि जिंकून आली. एकदा नाही, पाच वेळा. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

फुटबॉल हा खेळ कसा असतो ते आधी समजून घ्या. दोन बाजू, प्रत्येकीत अकरा गडी. चेंडू पायाने मारायचा, डोक्याने मारला तरी चालतो, हाताने नाही. समोरच्याच्या जाळ्यात चेंडू गेला की एक गोल. प्रत्येक जाळ्यापुढे एक राखणदार असतो, त्याला गोलरक्षक म्हणतात. फक्त त्याला आपल्या हद्दीत हात लावायची मुभा. खेळ दीड तासाचा. झालं, एवढंच. चेंडू एक आणि मैदान एक, यापलीकडे खर्च नाही. म्हणून गरीब मुलखात हा खेळ लवकर पसरतो.

गोव्यात हा खेळ १८८३ साली आला असे सांगतात. विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक इंग्रज पाद्री बार्देश तालुक्यातल्या शिवोली गावी आले. त्यांनी तिथल्या पोरांना चेंडू दिला. राज्य होते पोर्तुगीजांचे आणि खेळ शिकवला इंग्रजाने, ही गंमतच म्हणायची. मग गावोगावचे पाद्री आणि शाळामास्तर तो खेळ पुढे नेत गेले. मास्तर लोक नुसते पाढे घोकून घेतात असे नाही, बरं का!

गोवाही आपल्यासारखाच धानाचा मुलूख. तिथे भात कापून नेले की शेते मोकळी होतात, आणि पोरे तिथेच दोन काठ्या रोवून खेळ मांडतात. आपल्याकडे दिवाळीनंतर धान निघाले की रिकाम्या बांध्यांत पोरे काय करतात? विटीदांडू, कबड्डी. आणि मोठी माणसे मंडईला आणि पटाला जातात. शंकरपटाला जशी झुंबड उडते ना, तशी गोव्यात गावच्या फुटबॉल सामन्याला उडते. देवळाच्या पालखीला जाणारा आणि चर्चच्या प्रार्थनेला जाणारा, दोघे एकाच बांधावर उभे राहून एकाच संघासाठी ओरडतात.

पण एक अडचण होती. गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य १५१० पासून. आपला देश १९४७ साली स्वतंत्र झाला तरी गोवा झाला नाही. मधे सरहद्द, शिपाई, परवाने. त्यामुळे भारताच्या स्पर्धेत गोव्याचा संघ येऊच शकत नव्हता. ज्याला मोठा खेळाडू व्हायचे, त्याला मुंबईची वाट. मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला गोवेकरांचे कूड होते. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी घेतलेली बिऱ्हाडाची जागा. बोटीवर नोकरी करणारे, नोकरी शोधणारे, सारे तिथे पथारी टाकत. नागपूरला गेलेला आपला माणूस आधी गाववाल्याची खोली शोधतो, तसेच ते.

अशा मुंबईकर गोवेकरांपैकी एक नेव्हिल डिसूझा. १९५६ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी ऑलिंपिक भरले. ऑलिंपिक म्हणजे साऱ्या जगाची खेळांची जत्रा. तिथे भारताचा सामना पडला खुद्द ऑस्ट्रेलियाशी. त्यांचेच घर, त्यांचेच अंगण. भारताने ४ विरुद्ध २ गोलांनी त्यांना हरवले, आणि चारांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिकच्या एका सामन्यात तीन गोल करणारा तो आशिया खंडातला पहिला माणूस. त्या वर्षी भारत चौथा आला. त्यानंतर आजवर ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ तिथवर पोचलेला नाही. पुढे १९६२ साली जकार्ता शहरी आशियाई सामन्यांत भारताने सुवर्णपदक जिंकले, त्या संघातही फॉर्च्युनॅटो फ्रँको हा गोव्याच्याच मातीतला गडी होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आता गोव्याला आपल्या नावाने खेळता येणार होते. कुठे? संतोष ट्रॉफीत. ही राज्याराज्यांची स्पर्धा, १९४१ साली सुरू झाली. संतोष म्हणजे आनंद, असे तुम्ही म्हणाल. तसे नाही. संतोष हे एका संस्थानाचे नाव. तिथल्या राजाच्या नावाने ही ढाल ठेवली. ती जागा आज बांगलादेशात आहे.

या स्पर्धेत बंगाल म्हणजे पाटील. २०२४ च्या अखेरपर्यंत तेहतीस वेळा त्यांनी ती जिंकली. गोवा १९७८-७९ साली अंतिम सामन्यापर्यंत गेला, तेव्हा बंगालनेच हरवले. मग १९८२-८३ साल आले. अंतिम सामन्यात पुन्हा बंगाल. या वेळी गोवा हटला नाही, बंगालही हटला नाही. शेवटी दोघांना मिळून विजयी ठरवले. तेव्हा गोवा हे राज्यही नव्हते, केंद्रशासित प्रदेश होता. राज्याचा दर्जा मिळाला ३० मे १९८७ ला. म्हणजे सरकारदरबारी राज्य व्हायच्या आधी मैदानावर ते राज्यांच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसले होते.

पुढच्याच वर्षी, १९८३-८४ मध्ये, गोव्याने पंजाबला हरवून एकट्याने ढाल नेली. आणि साऱ्या स्पर्धेत स्वतःच्या जाळ्यात एकसुद्धा गोल होऊ दिला नाही. जाळ्यापुढे उभा होता ब्रह्मानंद शंखवाळकर. ताळगावचा माणूस. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. गोल अडवणाऱ्याकडे कोणी बघत नाही. तो चुकला तरच त्याचे नाव निघते. शेताच्या राखणदाराचे तसेच नाही का? डुक्कर शिरले तर शिव्या, नाही शिरले तर कोणी विचारत नाही. पण ब्रह्मानंदांचे नाव झाले. ते भारताच्या संघाचे कर्णधार झाले. १९९७ सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०२२ मध्ये पद्मश्री.

१९८९ साली मडगावजवळ फातोर्ड्याला मोठे मैदान उभे राहिले. त्याच हंगामात गोव्याने आपल्या घरी केरळला हरवून पुन्हा ढाल घेतली. मग पंधरा वर्षांवर खंड पडला. २००५-०६ साली आपल्याच महाराष्ट्राला अंतिम सामन्यात हरवले. इथे आम्ही कोणाची बाजू घ्यावी, हा प्रश्नच होता! आणि २००८-०९ मध्ये चेन्नईला पुन्हा बंगाल. गोल कोणाचाच होईना. मग पाच-पाच चेंडू मारून निकाल लावतात, त्यात गोवा सरस ठरला. ती पाचवी आणि आजवरची शेवटची ढाल.

आता पैसा कुठून आला, हे विचारायला पाहिजे. खेळाडूचे पोट टाळ्यांनी भरत नाही. गोव्यात लोखंडाच्या खाणी होत्या. आपल्या तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत ना, तशा. धेंपे, साळगावकर हे तिथले मोठे खाणमालक. त्यांनी आपापल्या नावाचे संघ काढले. चांगल्या पोराला कंपनीत नोकरी, संध्याकाळी मैदान. त्यामुळे आई-बाप म्हणाले, खेळ पोरा. चर्चिल ब्रदर्स नावाचाही एक संघ होता. देशातली सगळ्यांत मोठी क्लबांची स्पर्धा २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत, सलग सात हंगाम, गोव्याच्याच कुठल्या ना कुठल्या क्लबने जिंकली. चारदा धेंपो, दोनदा चर्चिल, एकदा साळगावकर. कलकत्त्याचे शंभर वर्षांचे जुने क्लब बघत राहिले. हेच गडी गोव्याच्या संघाला बळ देत होते.

२०१२ साली गोव्यातले खाणकाम बंद झाले. परवान्यांचे आणि उपशाचे घोटाळे बाहेर आले होते, सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. आमच्या मते ते योग्यच झाले. डोंगर पोखरून त्याची माती खालच्या भातशेतीत उतरत होती. पण खाणीबरोबर ट्रकवाले बसले, होडीवाले बसले, आणि खेळावर खर्च करणारा हातही आखडला. २०१४ मध्ये नवी श्रीमंत साखळी स्पर्धा निघाली, तिच्यासाठी एफसी गोवा हा नवा संघ बांधला. जुन्यांची किंमत उतरली. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या तिघांनी देशाच्या जुन्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. कितीतरी पोरांचे खेळणे आणि पगार एकदम थांबला. धेंपो २०२४ मध्ये पुन्हा त्या स्पर्धेत उतरला खरा, पण मधली आठ वर्षे ज्यांची उमर गेली, त्यांना ती कोण परत देणार?

नव्या स्पर्धेतले मोठे पगारदार गडी आता संतोष ट्रॉफी खेळत नाहीत. गोव्याच्या नावाने उतरतात ती लहान क्लबांची, फारशी कोणाला माहीत नसलेली पोरे. आम्हांला ती जास्त आवडतात. २०१७ साली अंतिम सामना गोव्यातच, बांबोळीला होता. समोर बंगाल. नव्वद मिनिटे बरोबरी. वाढीव वेळ तीस मिनिटांची, म्हणजे एकूण एकशेवीस. एकशे एकोणीस मिनिटे गोव्याच्या पोरांनी खिंड लढवली. एकशे एकोणिसाव्या मिनिटाला बंगालने गोल केला. एकच मिनिट उरले होते. सारे मैदान गप्प झाले असेल.

त्याआधी, जानेवारी २०१४ मध्ये, गोव्यात एक वेगळीच स्पर्धा भरली होती. पोर्तुगीज भाषेशी संबंध असलेल्या देशांचे खेळ. त्यात गोव्याला देशासारखा मान मिळाला, स्वतःच्या नावाचा संघ घेऊन मैदानात येता आले. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात समोर मोझांबिक. आफ्रिकेतला तो केवढा मोठा देश! नकाशात बघून घ्या. ज्या पोर्तुगीजांनी दोघांवर राज्य केले, त्यांच्या दोन जुन्या वसाहती एकमेकींसमोर. गोव्याने सुवर्णपदक जिंकले.

अलीकडची गोष्ट सांगून थांबतो. मार्च २०२४ मध्ये गोवा पुन्हा संतोष ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात गेला. सामना होता पार अरुणाचल प्रदेशात, यूपिया गावी. गोव्यापासून देशाचे दुसरे टोक. समोर होता सेनादलांचा संघ, म्हणजे फौजेतले जवान. आपल्या गावची पोरे भरतीसाठी पहाटे सडकेवर धावतात ना, तशीच धावून तयार झालेली. सेनादलाने एक गोल केला, गोव्याला तो फेडता आला नाही.

आता नकाशा खाली घेतो. शिवोली, मडगाव, मेलबर्न, जकार्ता, मोझांबिक आणि यूपिया, ही सहा नावे फळ्यावर लिहिली आहेत. ज्याला जे सापडेल त्याने ते दाखवावे. बायांनी आधी यावे.