स्कूटर चार्जिंगला लावताय? प्लगला हात लावून बघा

(रहिमतपूर येथे मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



हल्ली गटांच्या कर्जमागणीत शेळी आणि शिलाई मशीनसोबत बॅटरीची स्कूटर पण दिसायला लागलीय. चांगलंच आहे, बाजाराला जायला कुणाची वाट बघायला नको. पण गाडी किती किलोमीटर जाते हे सगळ्या विचारतात, घरात कुठल्या सॉकेटवर लावणार हे कुणीच विचारत नाही.

बऱ्याच स्कूटरचा घरचा चार्जर साधारण 750 वॅटचा असतो. भिंतीतून तो तीन-साडेतीन अँपिअर करंट घेतो. गाडीकडच्या पिनेत मात्र व्होल्टेज कमी, म्हणून तोच करंट बारा-तेरा अँपिअरपर्यंत जातो. पिन घट्ट असेल तर काळजी नाही. ती सैल झाली, धूळ बसली, गंजली, की करंटला तिथं अडथळा येतो आणि नखाएवढ्या जागेत उष्णता साठते. जुना झिरोचा बल्ब 15 वॅटचा, तरी चटका देतो ना? सैल पिनेत तेवढी उष्णता सहज तयार होते, आणि तिच्याभोवती काच नसते, प्लॅस्टिक असतं.

"आमच्याकडे एमसीबी आहे की!" असं तुम्ही म्हणाल. एमसीबी पडतो तो करंट जास्त ओढला किंवा शॉर्ट झालं तर. सैल पिनेत करंट वाढतच नाही, नुसती पिन तापते. एमसीबीला ते कळत नाही. मोटारींच्या मोठ्या चार्जिंग स्टेशनवर प्लगमध्येच तापमानाचा सेन्सर असतो. पिन तापली की तो करंट कमी करायला लावतो, नाहीतर बंदच. आपल्या भिंतीतल्या साध्या सॉकेटला तसलं काही नसतं.

म्हणून चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासानं प्लगच्या प्लॅस्टिकला कोरडा, उलटा हात लावून बघा. दोन्हीकडच्या. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर आधी बटण बंद, मग प्लग काढा. पिन काळपडली, जळका वास आला, तर त्या सॉकेटवर परत लावू नका. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलून घ्या. एकच बदललं तर जुनं नव्याला पण खराब करतं. घरातले म्हणतील, एवढ्याशानं काय होतंय. म्हणू देत.

टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डवर गाडी लावायची नाही. अर्थिंगची तिसरी पिन कापायची नाही. कडबा, गॅसची टाकी जवळ नको.

आणि रात्री सगळे झोपल्यावर नको. सप्टेंबर 2022 मध्ये वसईत स्कूटरची बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावली होती. पहाटे ती फुटली आणि सात वर्षांचा मुलगा भाजून गेला. तिथं बॅटरी फुटली, पिन नव्हे, हे खरं. पण जागं कुणी नसेल तर दोन्हीकडं एकच होतं.

यापुढे स्कूटरसाठी कर्ज मागाल तेव्हा 16 अँपिअरच्या वेगळ्या सॉकेटचा, वायरिंगचा आणि अर्थिंगचा खर्च पण त्याच अर्जात धरा. गाडी आधीच घेतलेल्यांनी पुढच्या बैठकीला चार्जर घेऊन या, पिना एकत्रच बघू.