अठरा वावांवर



‘तू कॉम्प्युटरवाली, काहीतरी शास्त्रीय बोल,’ असा मला हुकूम झाला. कॉम्प्युटरवर तर आपली पोरंच माझ्यापेक्षा जास्त बोलतील. म्हणून मी दर्याबद्दल बोलते, दर्यात टाकून दिलेल्या अणुभट्ट्यांबद्दल. घाबरू नका, आपली तारापूरची १९६९ पासून जागेवरच आहे!

अमेरिकेच्या ‘सीवुल्फ’ पाणबुडीची अणुभट्टी बदलली, तेव्हा जुन्या भट्टीतलं इंधन काढून तिचं पात्र १९५९ साली अटलांटिकमध्ये बुडवलं. खोली सुमारे २,७०० मीटर, म्हणजे जवळजवळ दीड हजार वाव. १९८० मध्ये नौदल ते शोधायला गेलं, तर सापडेना. सोव्हिएत नौदलाने तर ‘के-२७’ ही अख्खी पाणबुडी १९८२ मध्ये कारा समुद्रात बुडवली, तीही भट्ट्यांतल्या इंधनासकट. खोली फक्त ३३ मीटर. अठरा वाव! एवढ्या पाण्यात आपले लोक जाळी टाकतात.

निवृत्त पाणबुड्या समुद्रात बुडवायच्या की जमिनीत पुरायच्या, याचा अमेरिकी नौदलाने नंतर रीतसर अभ्यास केला आणि १९८४ मध्ये जमीन निवडली. आज हॅनफर्डच्या चरात शंभराहून जास्त भट्ट्यांचे भाग ओळीने ठेवलेत. कुठला कुठे आहे ते मोजता येतं. आपण आठवीत होतो तेव्हा, १९९३ मध्ये, लंडन करारातल्या देशांनी किरणोत्सारी कचरा समुद्रात टाकायला पूर्ण बंदी ठरवली.

हे वाचताना ‘सापडेना’ या शब्दावर मी अडले. आमचं जाळं एकदा तळाशी कशात तरी अडकून फाटलं. आईची पाटली मोडून नवं घेतलं. बाबांनी ती जागा डोक्यात ठेवली: तारापूरची चिमणी मागच्या डोंगराच्या कुठल्या खांद्यावर आली की ती जागा येते, एवढीच खूण. जीपीएस नव्हता. वीस वर्षं त्यांनी तिथे जाळं टाकलं नाही. बाबा गेले, खूणही गेली. मी जन्मभर लोकांच्या डेटाचा बॅकअप घेत आले, बाबांना मात्र एकदा विचारलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांचे वडील, काका अजून आहेत, त्यांना अशा अडकणीच्या जागा ठाऊक असतील. जेवणानंतर मी पिंपळाखाली वही घेऊन बसते. खूण जशी ते सांगतात तशीच सांगा, आकड्यांत बसवायचं काम माझं.